सातवं खोकं

टपालवाल्यानं खोकं उंबऱ्यात ठेवलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांना खळ लागलेली होती, म्हणून सही न करता मी नुसता बघत राहिलो. खोकं माझंच होतं. म्हणजे मी केलेलं होतं. कोपऱ्यांना तपकिरी कापड, कडांवर कागदाची पट्टी, दोरीची गाठ डाव्या अंगाला. पुठ्ठ्याच्या साध्या खोक्याला कुणी कोपरे लावत नाही हे मला माहीत आहे. पण चाळीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं बांधण्याचं काम केलेल्या माणसाला कोपरा उघडा सोडवत नाही. वर मी काढलेला सातचा आकडा होता आणि त्याच्यावरून तिरपा गेलेला जांभळा शिक्का : मुदतीत नेले नाही, परत. "आजोबा, सही," टपालवाला म्हणाला. मी हात दाखवले. "मग अंगठा द्या," तो म्हणाला, "शाई नसली तरी चिकटेल." एरवी मी हसलो असतो, आणि नंतर दिवसभर मनात त्याला उत्तर जुळवत बसलो असतो. मी अंगठा उमटवला. तो जिना उतरून गेला आणि मी खोकं उचललं. अगदी तेवढंच जड होतं. ज्या दिवशी मी ते टपालात टाकलं त्या दिवशी होतं तेवढंच, आणि मला तेच भयंकर वाटलं. त्यातलं काहीही कमी झालेलं नव्हतं.

बोळात नऊ ते बारा ही चार खोकी भिंतीला टेकून उभी होती. त्यांच्या शेजारी मी सातवं ठेवलं. वर्गातून बाहेर काढलेल्या मुलासारखं ते दिसत होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, हात धुतले, परत आलो, पुन्हा हात धुतले. माझी बायको तीन महिन्यांपूर्वी मोठ्या वाटेवर चालायला गेली होती. चौदाशे किलोमीटरची पायवाट, एका टोकाला समुद्र आणि दुसऱ्या टोकाला बर्फ, मध्ये डोंगर, रानं, पुन्हा डोंगर, आणि आठ-दहा दिवसांच्या अंतरावर एखादं गाव. पाठीवर चार-साडेचार महिन्यांचं अन्न नेता येत नाही, म्हणून चालणाऱ्यांच्या घरचं माणूस खोकी भरून त्या गावांच्या टपाल कचेऱ्यांत पाठवत राहतं. चालणाऱ्यानं खिडकीशी जायचं, ओळखपत्र दाखवायचं, खोकं घ्यायचं, पुढे निघायचं. कचेरी पंधरा दिवस वाट बघते, मग परत पाठवते. आमच्या घरचं ते माणूस मी होतो. इतकं नेमकं आणि इतकं आवडीचं काम मला निवृत्तीनंतर मिळेल असं वाटलं नव्हतं.

ती एकसष्ट वर्षांची आहे. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डापुढे बसली. कानाला यंत्र, हातात दोऱ्या, एका भोकातून काढायची, दुसऱ्यात खुपसायची. बोर्डाच्या अगदी वरच्या ओळीत काही भोकं होती, ती डोंगरातल्या गावांची. त्या एकेका गावाला एकच फोन. ती सांगायची, तिकडची दोरी जोडली की आधी वारा ऐकू यायचा, मग माणूस. दुपारी काम कमी असलं की ती म्हणे कधीकधी कुणी मागितलेलं नसताना तिथे दोरी लावायची आणि नुसती ऐकत बसायची. हे तिनं मला लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर सांगितलं. ऐकून मला आधी हेवा वाटला होता हे आठवतं, आणि त्या हेव्याची लाज. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांनी, भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मी तिकडे चालत जाणार आहे." मी पेपरात डोकं घालून म्हणालो, "छत्री ने." मला वाटलं कोपऱ्यावर चाललीय. मग ती पाठीवर जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांची पिशवी बांधून आमच्या इमारतीचे सहा मजले चढू-उतरू लागली. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. शेजारचे म्हणायचे, "वहिनी, लिफ्ट चालू आहे हो." ती म्हणायची, "माहितेय, मी बंद आहे, मला चालू करतेय." तिनं मला 'चला' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, आणि हे आम्हा दोघांना माहीत होतं. तरीपण.

तिनं सगळ्याचं वजन केलं. टूथब्रशचा दांडा अर्धा कापला, कपड्यांच्या कॉलरींतल्या चिठ्ठ्या उसवल्या. मोबाइल घेतलाच नाही. मुलीनं आकांडतांडव केलं तर म्हणाली, "बत्तीस वर्षं कानाला लावून बसले. आता कान मोकळे हवेत." आणि शेवटी एक जाड कादंबरी माझ्यापुढे ठेवली. पाळ्यांच्या नोकरीत ती तिला कधी पुरी करता आली नव्हती. "हिचे बारा तुकडे करा. दर खोक्यात एक. वाचलेला मी कुणाला तरी देऊन टाकीन." मी म्हणालो, "फाडू?" ती म्हणाली, "अहो, पुस्तक आहे, कोंबडी नाही." मला नाही फाडता आलं. मी कण्याची खळ भिजवून सोडवली, शिवण एकेक टाका करून काढली, फर्मे, म्हणजे दुमडून शिवलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे केले आणि त्यांचे बारा भाग करून प्रत्येकाला पातळ कागदाचा पुठ्ठा घातला. पहिल्याच कार्डावर तिनं लिहिलं, 'पुठ्ठा काढून टाकला, दहा ग्रॅम होता, रागावू नका.' मी रागावलो नाही. पण पुढच्या भागांनाही पुठ्ठा घातलाच, फक्त आणखी पातळ. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना सांगायला हवं की फर्मा संपतो तिथे वाक्य संपत नाही. छापखान्याला वाक्याशी देणंघेणं नसतं. सहावा भाग 'त्याने दार उघडले आणि' इथे संपत होता. मला ते पाठवताना फार गंमत वाटली होती. वाटलं, आठ-दहा दिवस ही बाई रानातून हे अर्धं वाक्य घेऊन चालेल.

मी खोक्यापुढे जमिनीवर बसलो. सातव्या गावानंतर वाटेचा सगळ्यात लांब टप्पा होता, अकरा दिवसांचा, मध्ये गाव नाही, आणि दहाव्या दिवशी उंच खिंड. म्हणून सातवं खोकं सगळ्यात जड होतं : अकरा दिवसांचं खाणं, लोकरी टोपी, आतून फर असलेले हातमोजे. ते हातमोजे तिनं आधीपासून पाठीवर वागवू नयेत म्हणून मीच म्हणालो होतो, सातव्यात टाकू, तिथून पुढेच लागतील. शहाणपणा माझा. मी बोटानं दोरी चाचपली, गाठ मोडलेली नव्हती. आणि मग माझी नजर पत्त्याच्या चिठ्ठीवर गेली आणि तिथेच थांबली. माझं अक्षर चांगलं आहे, ग्रंथालयातल्या साठ हजार पुस्तकांच्या कण्यांवर ते आहे. त्या चांगल्या अक्षरात मी लिहिलं होतं : हॅलोबाई.

मोठ्या वाटेवर माणसं एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत प्रत्येकाला कुणीतरी नाव ठेवतं आणि ते चिकटतं. तिसऱ्या गावाहून आलेल्या कार्डावर तिनं लिहिलं होतं की तंबूत पहाटे कुणी तिला हलवून उठवलं तर ती झोपेतच म्हणते, 'हॅलो, बोला, कोण हवंय?' म्हणून तिथली तरणी पोरं तिला हॅलोबाई म्हणतात. त्याच कार्डावर खाली होतं : 'इथे नकाशा कुणी बघत नाही. झाडांवर, दगडांवर पांढरे पट्टे रंगवलेत. एकाशी उभं राहिलं की पुढचा दिसतो. तेवढंच बघायचं.' मी ते कार्ड किती वेळा वाचलं सांगत नाही. तिचं जे नाव तिच्या आईबापांनी ठेवलं, जे मी चौतीस वर्षं लिहिलं, ते एकाएकी मला जुनं वाटलं. हॅलोबाई नावाची बाई मला माहीत नव्हती. ती झऱ्यात केस धूत होती, अस्वलाची विष्ठा ओळखत होती, तिच्या पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. मी सातवं खोकं बांधलं, चिठ्ठी लिहायला बसलो आणि काय झालं कोण जाणे, त्या बाईला लिहिलं. लिहिताना कानशिलं गरम झाली होती. मग चिठ्ठी डकवून, कुणी बघायच्या आत टपालात टाकून आलो. आयुष्यात मी कुणाला प्रेमपत्र लिहिलेलं नाही. ते एवढंच.

मी सातव्या गावच्या टपाल कचेरीला फोन लावला. मला फोनवर बोलणं जमत नाही. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद हातात असूनही भलतंच बोललो. पलीकडच्या बाईनं मध्येच तोडलं. "कापडी कोपऱ्यांचं खोकं ना? अहो, त्या आल्या होत्या. लख्ख आठवतात."

"मग दिलं का नाहीत?"

"काका, ओळखपत्रावर एक नाव, खोक्यावर दुसरंच. त्या म्हणतात, मीच हॅलोबाई. आता मी म्हटलं मीच महाराणी, तर तुम्ही सिंहासन आणून द्याल का?"

"तिला दिसलं का ते?"

"दिसलं म्हणजे? मागच्या फळीवरच होतं. बोट करून म्हणाल्या, ते कोपरे माझ्या नवऱ्याचे आहेत." "मलाही वाईट वाटलं हो. पण मागे एकाचं खोकं दुसऱ्याला दिलं गेलं आणि आमच्या साहेबांची बदली झाली. त्या म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, मीपण बत्तीस वर्षं नियमानंच वागले. मी म्हटलं, घरी फोन लावून देते, त्यांनी लेखी कळवलं की देईन. तर नको म्हणाल्या."

"का?"

"म्हणाल्या, नको, ते स्वतःला दोष देत बसतील."

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. त्या तारेत वारा वगैरे काही नव्हता, कुठेतरी शिक्के मारल्याचा आवाज येत होता. किती दिवस झाले, मी विचारलं. तिनं वही बघून सांगितलं, सतरा. गावात एकच दुकान, त्यात बिस्किटं आणि मेणबत्त्या आणि असलं तर दूध पावडर. तेवढं भरून ती वर गेली. सतरातून अकरा गेले सहा. सहा दिवसांपूर्वी ती आठव्या गावी पोचायला हवी होती. मी आठव्या गावी फोन केला. तिथे टपाल, विश्रामगृह आणि चहा हे सगळं एकच माणूस बघतो. तो म्हणाला आठवं खोकं इथंच आहे, कुणी आलं नाही, आठवड्यापूर्वी खिंडीत अवेळी बर्फ पडलं, वाट बंद आहे. खिंडीच्या पलीकडे दगडी निवारा आहे, त्यात काही जण अडकलेत असा अंदाज आहे. "असा अंदाज आहे," तो पुन्हा म्हणाला, आणि मला कळलं की त्या वाक्यात माझ्या बायकोसाठी जागा असेलही, नसेलही.

मुलीला सांगावंच लागलं. ती दुसऱ्या शहरात असते, तिच्या आवाजाला आईचीच धार आहे. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मात पहिल्यांदा लाडात आलात आणि तेही पार्सलवर." मग रडली. मग म्हणाली, "तुम्ही कुठं जायचं नाही हं. मी डोंगररक्षकांशी बोलते. तुम्ही घरीच थांबा, तुम्हाला काही झेपणार नाही." आजवर मला असं सांगितलं गेलं की मला बरं वाटत आलं आहे. थांबायची परवानगी मिळाल्यासारखं. त्या दिवशीही वाटलं, खोटं कशाला बोलू. मी खुर्चीत बसलो. समोर शेल्फात पुस्तकं होती, डोंगरांवरचीही होती, त्यातली काही मी दोनदा बांधलेली. त्यांच्यातलं बर्फ मला पाठ होतं. आणि मला दिसली ती फळी. खिडकीशी उभी असलेली ती, आणि तिच्यापासून दोन हातांवर ते खोकं, त्यात तिचे हातमोजे, आणि मधे माझं अक्षर. मी उठलो, कचेरीत जायचे ते बूट घातले, सातव्या खोक्याच्या दोरीचे दोन फास केले आणि ते पाठीवर घेतलं. बिजागरीत तेल नसलेलं दार लावताना उगाचच वाटलं, कुणी विचारलं कुठे निघालात तर काय सांगायचं. कुणी विचारलं नाही.

आठव्या गावाला जायला एक दिवस एक बस आणि दुसऱ्या दिवशी दुसरी. दुसऱ्या बसमध्ये मी खिडकीशी होतो आणि बराच वेळ समजत होतो की आभाळात ढगांचा एक पांढरा काठ आहे, तो हलत कसा नाही. मग वळणावर तो काठ जवळ आला आणि मला कळलं की ती जमीन आहे. मी शेजारच्या माणसाकडे बघितलं, तो झोपला होता. इतकी मोठी गोष्ट समोर असताना माणसाला झोप येऊ शकते, म्हणजे ती रोज तिथे असते, मी पुस्तकांना पट्ट्या लावत होतो तेव्हाही होती, तिच्या बोर्डावरच्या त्या भोकाच्या पलीकडेही होती. शब्द सगळे मला माहीत होते, कडा, सुळका, हिमरेषा, आणि त्यातला एकही त्याला लागू पडत नव्हता. मला वाटत होतं की आपण घाबरलो आहोत. घाबरलोच होतो, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं. माझी बायको हरवलेली असताना मला ते वाटावं याची मला शरम वाटली आणि तरी मी मान वळवली नाही.

विश्रामगृहाच्या माणसानं आधी माझ्या बुटांकडे बघितलं, मग खोक्याकडे. "चालणारे?"

"नाही. पाठवणारा."

तो हसला नाही. आत फळीवर आठवं खोकं होतं, नीट नाव लिहिलेलं. त्यानं चहा दिला आणि म्हणाला, "खिंड काल मोकळी झाली. आज उतरतील, जे असतील ते. इथंच बसा काका. वाट एकच आहे, चुकामूक होत नाही." मी बसलो. चहा संपवला. भिंतीवर चालणाऱ्यांची एक वही टांगली होती, तीत फक्त टोपणनावं होती, इस्त्री, उद्या निघू, दोन मोजे. एकही खरं नाव नाही आणि सगळी माणसं खरी. अंगणाच्या टोकाला एका झाडावर हातभर उंचीचा पांढरा पट्टा होता. मी त्या झाडापर्यंत गेलो, नुसता बघायला. तिथून वर एका दगडावर दुसरा दिसत होता.

किती चढलो ते मला सांगता येणार नाही. तीन तास असतील. बुटांचे तळ घसरत होते आणि खोक्याचा एक कोपरा पाठीला टोचत होता, चांगला बांधलेला कोपरा. झाडं बुटकी झाली, मग राहिलीच नाहीत. एका वळणावर वरून पंधरा-सोळा जण ओळीनं उतरताना दिसले, त्यांत ती दिसली नाही, पुढे एक लुकडा मुलगा आणि एक मुलगी, दोघांची तोंडं उन्हानं करपलेली, ओठ फुटलेले. आता विचारायचं, मी स्वतःला म्हणालो. वाक्य तयार केलं. ते जवळ आले, मुलानं हात वर केला, मी बाजूला सरलो, मान लववली, आणि ते माझ्या अंगावरून खाली निघून गेले. मी विचारलं नाही. का विचारलं नाही? आजही मला नीट सांगता येत नाही. अनोळखी माणसांशी बोलायची भीती, असं मी आयुष्यभर म्हणत आलो, पण त्या दिवशी ती वेगळी होती. ते 'नाही' म्हणाले असते तर? न विचारता चढत राहिलो तोवर ती वर कुठेतरी होती. मी त्या धारेवर उभा राहून स्वतःला जितक्या शिव्या येतात तितक्या दिल्या. फार येत नाहीत.

मग मान वर केली. मी चढत होतो ती एका मोठ्या कड्याची पायरी होती आणि आता तिच्यावर उभा राहिल्यावर पलीकडचं खोरं दिसत होतं. खाली कुठेतरी पाणी असावं, पण त्याचा आवाज वरपर्यंत पोचत नव्हता. समोर बर्फाची भिंत होती, तिच्यावर ढगाची सावली सरकत होती आणि ती सावली आमच्या शहराएवढी होती. मी चाळीस वर्षं शांततेत काम केलं आहे. ग्रंथालयातली शांतता माणसांनी गप्प राहून केलेली असते, खोकला आला की ती मोडते. ही कुणी केलेली नव्हती. हिला माझ्या असण्यानं किंवा नसण्यानं काही होणार नव्हतं. मी इतका लहान कधीच नव्हतो, आणि चमत्कारिक गोष्ट अशी की त्यामुळे मला हलकं वाटलं. माझी चूकही तेवढीच लहान झाली का? नाही. ती तेवढीच राहिली, पाठीवर होती. पण माझा संकोच, मी कसा दिसतो, कुणाला काय वाटेल, हा सगळा पसारा त्या खोऱ्यात कुठे ठेवायचा तेच कळेना. तिथे त्याच्या मापाची फळीच नव्हती. मी तोंड उघडलं आणि ओरडलो, "हॅलो!"

इतक्या मोठ्यानं मी कधी बोललो नव्हतो. आवाज फाटला. समोरच्या भिंतीनं तो घेतला आणि परत दिला, हॅलो, मग डावीकडून आला, बारीक, मग अगदी लांबून एकदा, आता माझा राहिलेला नव्हता. मग काही नाही. मी मोजत होतो का? मोजत असेन. मग वरून, उताराच्या कुठल्याशा दगडांमागून, सरळ, सपाट, अजिबात घाई नसलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "हॅलो, बोला, कोण हवंय?"

मी आवाजाच्या दिशेनं दोन पावलं चढलो.

ती वळणावरून आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. आवाज ओळखला होता म्हणून माणूस ओळखलं. चेहरा काळा पडलेला, अर्धी झालेली, केस पुरुषासारखे कापलेले, आणि चाल अशी की जमीन तिच्याच पायांखाली मुद्दाम सपाट होत होती. माझ्यासमोर येऊन ती थांबली. माझ्या बुटांकडे बघितलं. "अहो, या बुटांनी?" मी पाठीवरचं खोकं सोडवायला लागलो आणि मला माझीच गाठ सुटेना. तीही हात लावेना. मी म्हणालो, "माझ्यामुळे—" ती म्हणाली, "हो, तुमच्यामुळेच. आधी बसा."

आम्ही दगडावर बसलो. तिनं सांगितलं ते तुटक होतं, मध्येच ती समोर बघायची. आठ दिवस निवाऱ्यात. सोळा माणसं आणि ती. तिची बिस्किटं तिसऱ्या दिवशी संपली. मग रोज संध्याकाळी कुणीतरी तिच्या वाटीत एकेक मूठ टाकायचं, न बोलता. "सोळा घरचं खाल्लंय मी," ती म्हणाली. "पावशेर म्हणून एक पोरगा आहे, त्यानं स्वतःचे मोजे दिले हातात घालायला. तू इतकी वर्षं कुठे होतास रे, असं विचारावंसं वाटायचं एकेकाला. निघताना सगळे म्हणाले बाई, तुम्ही पुढे व्हा. मी म्हटलं, तुम्ही व्हा, मी निवारा झाडून येते." मग तिनं उजवा हात पुढे केला. पहिली दोन बोटं टोकांशी काळी-निळी होती. "यांना काही कळत नाहीये. येईल म्हणे जीव. नाहीतर नाही." ती दोन बोटं. त्यांनीच ती दोऱ्या धरायची. मी तो हात माझ्या हातात घेतला आणि मला जे बोलायचं होतं ते तिनं बोलू दिलं नाही. "त्या खिडकीशी मला तुमचा असा राग आला होता," ती म्हणाली, "की पहिले दोन दिवस मी रागावरच चालले. मग वर चढले. वर कुणाचा राग टिकत नाही हो. जागा फार आहे." थोड्या वेळानं म्हणाली, "पण लिहिलंत छान. अक्षर छान आलंय बाईचं."

खोकं तिनं डाव्या हातानं उघडलं. उन्हात बसून हातमोजे घातले, पुन्हा काढले. सुक्या जर्दाळूंची पुडी फोडून एक मला दिला. मग सातवा भाग काढला, पुठ्ठ्याकडे बघून माझ्याकडे बघितलं. "एकोणीस दिवस," ती म्हणाली, "एकोणीस दिवस तो माणूस दारात उभा आहे. निवाऱ्यात मी सगळ्यांना विचारलं, दार उघडलं आणि पुढे काय झालं असेल? एकेकानं एकेक सांगितलं. बाहेर समुद्र होता. बाहेर त्याचा मेलेला भाऊ होता. बाहेर काहीच नव्हतं, जगच नव्हतं. आम्ही दोन दिवस त्यावर काढले, अन्न नसताना." तिनं पान उलटलं आणि वाचलं, "'लगेच लावून घेतले, कारण बाहेर गार वारा होता.'"

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊन त्या करपलेल्या गालांवर वाटा झाल्या. मीही हसलो असेन. मग तिची नजर पुन्हा माझ्या बुटांवर गेली. एकाचा तळ पुढून उघडला होता, त्यातून मोजा दिसत होता. ती हसायची थांबली आणि बराच वेळ तिथेच बघत राहिली.

आम्ही उतरलो. मला उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला, ती पुढे जायची, थांबायची. विश्रामगृहाच्या माणसानं माझ्या बुटाला तारेचे चार टाके घातले आणि मुलीला फोन लावून दिला. तिकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं, मग शिव्या, त्या आईला कमी आणि मला जास्त. सकाळी डॉक्टर आला, बोटं बघून म्हणाला, थांबलात तर बरं, चाललात तर गरम ठेवा. तिनं मला विचारलं नाही. मीही विचारलं नाही. सहाशे किलोमीटर उरले होते. तिनं आठवं खोकं ओळखपत्र दाखवून, सही करून रीतसर घेतलं आणि सामान बांधलं.

"नवव्यावर काय लिहाल?"

"ओळखपत्रातलं."

"तेच लिहा." हातमोजे चढवत ती म्हणाली. "पण आतून, झाकणाच्या खाली, दुसरं लिहा."

ती उत्तरेच्या उताराला लागली. मी अंगणाच्या कडेला उभा होतो. ती आधी बाई होती, मग पाठीवरची पिशवी, मग एक ठिपका, आणि मग वाटेवरच्या दगडांच्या राशी आणि ती यांत मला फरक करता येईना. त्या सगळ्याच्या वर ते पांढरं, न हलणारं, होतंच. मी हाक मारली नाही. ओरडून ऐकू जाण्याच्या ती पलीकडे गेली होती, आणि मला तिच्याकडून काही हवं नव्हतं, फक्त बघत राहायचं होतं.

बस दुपारी दोनला होती. अजून अवकाश होता. उत्तरेकडच्या वाटेवर, ती गेली त्या बाजूला, एका दगडावर पट्टा दिसत होता, म्हणून मी तिथपर्यंत गेलो. तिथून पुढचा दिसत होता.